वेलीचा हेअरकट

३ फेब्रुवारी, रविवार
बारा मेला सौ.चा पन्नासावा वाढदिवस. तिच्या माहेरी खिडकीवर हनीसकलची सुवासिक वेल होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्या वासाचं कौतुक अजून संपत नाही. शब्द दिलाय : यंदा आपल्या वेलीची फुलं. विकतची नाही, माझ्या हातची. वेल दोन वर्षांत भिंतीवर चढलीये, पण अवतार बघा! नुसत्या झिपऱ्या. एका खुर्चीपासून चार खुर्च्यांचं सलून केलेल्या माणसाला हे बघवत नाही. आजपासून दर रविवारी कटिंग.

१० फेब्रुवारी
मागे बारीक, बाजूला मीडियम. वेल तरतरीत. शेजारचे टकलूकाका भिंतीवरून म्हणाले, अहो, कापू नका, त्याच फांद्यांना फुलं येतात. ज्यांच्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस उगवला नाही, त्यांनी मला कात्री शिकवावी!

३ मार्च
नर्सरीवाला दाढीला आला. त्याचंही तेच, फुलून झाल्यावरच छाटा. मी वस्तरा गळ्याशी नेऊन माझं मत सांगितलं. त्याला लगेच पटलं.

२४ मार्च
नवे कोंब. सगळे एका लेव्हलला आणले. सौ. म्हणाली, जरा वाढू द्या हो तिला. सांगितलं, जितकं कापू तितकं दाट येतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतोय.

१४ एप्रिल
पानं दाट. कळी एक नाही. माती हलकी, ऊन कमी, त्यात काकांची नजर. उरलेलं हेअर टॉनिक पाण्यातून घातलं. कुणाला बोलायचं नाही.

२१ एप्रिल
बुंध्याची पानं पिवळी. टॉनिक बंद. माल डुप्लिकेट असणार.

२८ एप्रिल
माझे कान तिखट. सौ. भिंतीपाशी काकूंना सांगत होती, मन फार चांगलं आहे हो यांचं, हात तेवढा आवरत नाही. जेवताना तासभर अबोला धरला. तिच्या लक्षात आला नाही.

५ मे
सात कळ्या! दोनदा मोजल्या. आता बोला म्हणावं! बारा तारखेपर्यंत वेलीला हात लावायचा नाही. शपथ.

११ मे, संध्याकाळी
उद्यासाठी फक्त फिनिशिंग. पाचच मिनिटं. कड एकदम सरळ आली.
कळ्या कुठे दिसत नाहीत. उजेड कमी आहे.

१२ मे, सकाळी ८
जाग आली ती वासानेच. धावत बागेत. माझ्या बाजूला नुसती हिरवी भिंत. स्टुलावर चढून पलीकडे पाहिलं. जिथे माझी कात्री पोचत नाही तिथे फुलंच फुलं, पांढरी, पिवळी, झिपऱ्या जमिनीपर्यंत. खाली खुर्चीत सौ., डोळे मिटून. काका म्हणाले, तुम्ही तिकडे छाटत राहिलात, सगळा जोर इकडे आला, थँक्यू.
म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती! तसं मोठ्याने सांगितलं. मूळ माझ्या बागेत, म्हणजे फुलंही माझ्याच हातची. शब्द पाळला.
सौ.ने डोळे न उघडताच सांगितलं, अहो, तुम्हीही या ना. कात्री ठेवून या.

९ वाजता
गेलो. काकूंनी फाटकातच खिसे तपासले. छोटी सापडली.