मागाच्या खड्ड्यातले विंचू

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता एखादं वाक्य धरावं लागतं. माझं वाक्य ठरलेलं आहे. मॅट्रिकचा निकाल घेऊन मी घरी आले तेव्हा तुम्ही हातमागावर बसला होतात, धड जमिनीवर आणि पाय खाली खड्ड्यात. हातातला सुताचा धोटा न थांबवता म्हणालात, "शिक न, कोण नाही म्हणते? पण मी बसायच्या आधी रोज खड्डा तू पाहायचा. ज्या दिवशी मले विंचू चावला, त्या दिवशी तुयं कॉलेज बंद." चुलीपाशी आई हसली. तिला ती थट्टा वाटली. मला नाही वाटली. तुम्हाला थट्टा येत नव्हती.

सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून तुम्ही खड्ड्यात पाणी शिंपडायचात, आणि त्या गारव्याला विंचू येत. मी कंदील, सांडशी आणि तळाशी रॉकेल घातलेला डबा घेऊन उतरायची. ओळखायला मात्र तुम्हीच शिकवलंत, तेही एकदाच. मोठा काळा, पुढचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तो रडवतो पण मारत नाही. लहान तांबडा, चिमटे नाजूक आणि शेपूट जाड, त्याच्याजवळ हात न्यायचा नाही. आळीतले लोक नेमके उलटे, काळ्याला पाहून पळायचे आणि तांबड्याला चपलेनं बाजूला सारायचे. तांबडा डब्यात पडला की वाटायचं, आजचा कॉलेजचा तास आपला.

बी. एस्सी.ला गेल्यावर मी नुसतं मारायचं सोडून ते येतात कशाला हे बघायला लागले. सुताला लावलेल्या खळीचे वाळलेले पापुद्रे खाली पडत, ते खायला झुरळं येत आणि झुरळांमागे विंचू. मी खड्डा रोज झाडला, भेगा शेणमातीनं लिंपल्या, भिंतीला टेकलेल्या विटा आणि तुटक्या सुताचे गुंते परसात दूर नेऊन टाकले. त्या पावसाळ्यात विंचू क्वचितच निघाले, पुढे दिसेनासे झाले. तुम्ही काहीतरी म्हणाल अशी माझी आशा होती. म्हणालातही. "रोज रिकामा डबा घेऊन वर येते. उतरते, का नुसती उभी राहून येते वं?"

मग एका सकाळी खड्ड्यात एक काळा निघाला. सांडशीत धरून उजेडात आणला, तर शेपटीच्या टोकाला नांगीच नाही. सूत कापायच्या कातरीनं उडवलेली. मी तो तुमच्यासमोर धरला. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. "सापडला? म्हणजे उतरते तू." इतकंच. विहिरीमागच्या दगडांतून तुम्ही ते पकडून आणत होतात, माझी परीक्षा घ्यायला. त्यानंतर अधूनमधून असा एखादा बिननांगीचा असायचाच. मी सांडशी वापरणं सोडलं. हातानं उचलायची आणि तुमच्या बशीशेजारी ठेवायची. तुम्ही त्याच्याकडे बघत चहा प्यायचात. आई म्हणायची, "दोघंबी सारखेच. त्या मुक्या जिवाले काहून छळून राहिले?"

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची सकाळ. कोपऱ्यात काळा बसला आहे, शेपूट अंगाखाली ओढलेली. मी हात घालते. अंगठ्याच्या मुळाशी निखारा टेकावा तसं होतं आणि कळ खांद्यापर्यंत चढते. मी कशीबशी वर येते. आई चिंचोका उगाळायला धावते. तुम्ही उठत नाही. विचारता, "काळाच होता न?" मी मान हलवते. तुम्ही म्हणता, "याची नांगी मी कापली नव्हती. हातानं उचलून राहिली होती न."

आई ओरडली, "आज परीक्षा आहे तिची! माणूस आहा का कोण आहा तुम्ही?"

"मग जाऊ दे न परीक्षेले. मले कुठं चावला?" तुम्ही मागावर बसलात, पाय खाली सोडण्याआधी माझ्याकडे वळलात. "आता रिकामा आहे न वं?"

मी हो म्हणाले. खरंच रिकामा होता. तुम्ही विणायला लागलात.

उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता. बेडूक मी डाव्या हातानं फाडला. परीक्षकांनी विचारलं, काय झालं. विंचू चावला, मी म्हणाले. "कोणता?" काळा. "मग ठीक आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी पास झाले. सदर भागातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तुमच्या तेराव्याला गांधीबागेतले कापडाचे व्यापारीसुद्धा आले होते आणि एकमेकांना सांगत होते, मागावर बसून पोरीले बी. एस्सी. केलं या माणसानं. मी त्यांना चहा दिला. आई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, तांबडा नाही टाकला त्यानं, हे तरी पाह्य. मी पाहिलं, बाबा. पुष्कळदा पाहिलं. त्यात जेवढं होतं तेवढंच दिसलं.

काल नात माझ्या खोलीत आली. तिला शिकायला बंगलोरला जायचं आहे आणि माझा मुलगा नाही म्हणतो. या घरात माझा शब्द अजून चालतो, हे तिला ठाऊक आहे. "आजी, तू एकदा सांग न माझ्या बाबाला." मी म्हटलं, सांगीन, पण. एवढं बोलून मी थांबले. ती हसत होती. "पण काय? सांग न, तू म्हणशील ते करीन." काहीही मागितलं तरी ते सोपंच असेल, असा तिचा चेहरा. मी म्हटलं, उद्या सांगते.

आत्ता ती बाहेरच्या खोलीत उत्तराची वाट बघत बसून आहे. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते. अट कोणती घालायची ते मला अजून सुचलेलं नाही. घालायची, एवढं ठरलं आहे.