सेजलचे गणित अजून चालूच आहे

पाळी, बुधवार

तीर्थस्वरूप भावोजींस,

शिवदासचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर वाकत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? विमलाताईचा खोकला गेला का? इकडे मी ठीक, मालती ठीक, तुमची सेजल ठीक, आणि तिचा संगणकही ठीक, म्हणजे चालूच आहे. आज एकोणीस दिवस झाले.

आधी रविवारच्या प्रकाराची माफी मागतो. संगणकातलं गणित थांबेपर्यंत स्थळ बघणार नाही, असा शब्द तुम्ही पोरीला दिलात. थांबलं की त्याच दिवशी म्हापशाची मंडळी येणार, आणि तिने जर्मनीला केलेला अर्ज विसरायचा, हेही ठरलं. त्यामुळे माझा डोळा सतत पडद्यावर. (तुमच्याकडे पेडण्यात वीज जाते आणि माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, एवढ्या पुण्याईवर हा पहारा माझ्या नशिबी आला. मालतीला मिक्सरही लावू देत नाही. एकोणीस दिवस वाटण पाट्यावर, आणि बोलणी मला.) रविवारी पडदा एकदम काळा झाला. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हापशाला केलात, मंडळी नटूनथटून निघाली, आणि ती अर्ध्या वाटेवर अस्नोड्यापर्यंत पोचली तेव्हा सेजलने माऊस जरा हलवला तर पडदा उजळला. पडदा झोपतो म्हणे, गणित जागंच असतं. हे मला आधी कोणी सांगायला नको होतं का?

हे गणित आहे तरी काय, असं तुम्ही विचारता. मीही विचारलं. पोर म्हणाली, "मामा, ट्रक धक्क्यार गेलो आनी परत आयलो, म्हणजे कितें जालें? कांयच ना." मी खाणीच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली, भावोजी. काहीच नाही कसं? डिझेल जळलं, ड्रायव्हर जेवला. पण या शास्त्रात डिझेल धरत नाहीत. अशा चाली एकमेकींना जोडायच्या, नियमाने कापायच्या, आणि खरोखर वेगळ्या किती उरतात ते बघायचं. मोजता येण्यासारख्या असल्या तर संगणक आकडा सांगून थांबतो. अनंत असल्या तर मोजतच राहतो. मी म्हटलं, ठीक, मग यातलं कुठलं ते आत्ताच सांग. तर म्हणते, "थांबलें जाल्यार कळटलें." आणि नाहीच थांबलं तर? "मागीर थांबचें ना म्हणूनय कळचें ना." म्हणजे थांबणार नाही हेही कधी कळणार नाही! यावर मी पाणी प्यायलो आणि अंगणात जाऊन बसलो.

आणखी एक. हे सगळं करणारी प्रणाली फुकट आहे. देशोदेशीचे मास्तर लोक फावल्या वेळात लिहितात, वाटतात, वर आत काय लिहिलंय तेही उघडून दाखवतात. मला संशय आला. आमचा पाववाला पोदेर तीस वर्षांच्या ओळखीवर एक पाव जास्त देत नाही, आणि हे कोण लागून गेले? सेजल म्हणते, त्यांतल्याच एका मास्तरांकडे तिने अर्ज केलाय. माणसं बरी असावीत. तरी मला समजलं नाही ते नाहीच.

शेवटी सोमवारी सातेरीच्या देवळात जाऊन प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी पाकळी पडली तर गणित थांबणार, डावी पडली तर नाही. भटजींनी गाऱ्हाणं घातलं (गाऱ्हाण्यात 'सॉफ्टवेअर' म्हणताना दोनदा अडखळले), आणि आम्ही बसलो. तास झाला, दीड तास झाला. उजवी नाही, डावी नाही. मी हळूच पंखा लावू का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा हात जोडले. अखेर ते म्हणाले, "देव जाप दिना. फाल्यां येयात." म्हणजे उद्या या. देवालाही उत्तर सुचेना, तिथे मी तुम्हाला काय कळवणार?

तेव्हा गणित चालू आहे, आणि म्हापशाच्या मंडळींनी आणखी वाट बघावी, एवढंच लिहितो. ताईला नमस्कार.

तुमचा,
शिवदास

ता. क. वरचं पत्र कालचं. आज सकाळी गणित थांबलं. माऊस हलवून पाहिला, पडदा झोपलेला नाही. खरंच आकडा आलाय. या चाली अनंत असाव्यात असं त्या मास्तरांनाही वाटत होतं म्हणे. पोरीने उड्या मारायच्या, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "मामा, बाबांक सांगूं नाका."

ता. क. २. जर्मनीचं उत्तर पंधरा दिवसांत येतंय. तुम्ही शब्दाचे पक्के, आणि मला खोटं बोलता येत नाही. म्हणून हात जोडून मागतो, वरची ता. क. वाचलीच नाही असं धरा, आणि तोवर मला "थांबलं का?" असं विचारू नका. भावोजी, पोर हुशार आहे हो. तिला जाऊ द्या.

ता. क. ३. ताईने गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून जाड लोकरीचा स्वेटर आणला, आणि तो तुम्ही दोनदा घालून पाहिलात, असं समजलं. उगाच ताणू नका, जर्मनीत थंडी फार असते म्हणे. तो तुमच्या मापाचा नाही.