तेरा सत्ते

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

नवी वही. समास आखून घेतला. डॉक्टर बाईंनी फिटची नोंद ठेवायला छापील तक्ता दिला आहे, तो त्यांच्यासाठी. ही वही माझ्यासाठी. यात खरे तेच लिहीन.

परवा बाथरूममध्ये फिट आली. आतून कडी होती. बाबांनी खांद्याने दार तोडले. खांदा अजून सुजलेला आहे, तरी काल त्यांनी माझाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरातल्या कड्या काढल्या. बाथरूम, संडास, माझी खोली. एकूण बारा स्क्रू, त्यांतल्या दोनांचे डोके चिरडले. (मला सांगितले असते तर एकाचेही चिरडले नसते.) कड्या बिस्किटांच्या डब्यात, डबा बाबांच्या कपाटात.

मी कुलपांच्या दुकानात कामाला आहे. सहा वर्षे लोकांची दारे बंद करून देतो. आणि माझ्या घरात माझ्यासाठी एकही दार लागत नाही.

करार झाला. तेरा आठवडे फिट आली नाही तर कड्या परत. तेरा सत्ते एक्क्याण्णव. म्हणजे ४ मे. एक्क्याण्णव दिवस म्हणजे काहीच नाही. मनावर घेतले की झाले.

दिवस १. फिट शून्य.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

नियम निघाले आहेत. दारावर टॉवेल म्हणजे आत कोणीतरी आहे. मी आत असेन तर मोठ्याने बोलत राहायचे. आवाज थांबला की बाबा वीस आकडे मोजतात आणि आत येतात. एकटा माणूस आंघोळ करताना काय बोलणार? ताईने पाढे सुचवले. ती शाळेत शिकवते, तिला दुसरे काय सुचणार. माझी शाळा नववीत सुटली. वर्गात पडलो तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, काही दिवस घरी विश्रांती घेऊ दे. ती विश्रांती अजून चालू आहे. पण पाढे तिसापर्यंत पक्के आहेत.

बारा ते सतरा म्हणतो. साबणाला चौदाचा. खालच्या मजल्यावरच्या बाई ताईला म्हणाल्या की त्यांच्या मुलीचे पाढे माझ्यामुळे सुधारले, फक्त सतराचा जरा सावकाश म्हणावा.

बाबा शर्टाच्या खिशात चमचा घेऊन फिरतात. फिट आली तर दातांत घालायला. डॉक्टर बाईंनी तीनदा बजावले आहे की तोंडात काही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचे, घड्याळ बघायचे आणि पाच मिनिटांवर गेले तर हॉस्पिटल. बाबा मान डोलावतात. चमचा खिशातच.

दिवस ७. शून्य.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

या घरात चहा फार लवकर थंड होतो. कप हातात घेतला तेव्हा वाफ होती. पहिला घोट घेईपर्यंत वर साय. कप पातळ आहेत. जाड आणावेत. शर्टाचे वरचे बटणही तुटून माझ्या मुठीत आले. हल्ली धागा कच्चा वापरतात.

ताई समोर बसून माझ्याकडे बघत होती. काय झाले म्हणून विचारले. म्हणाली, काही नाही, चहा गरम करून देते.

दिवस १९. शून्य.

५ मार्च, संध्याकाळी ६.४०

बढती. मालकांनी मला चाव्या कापायच्या मशीनवरून उठवून काउंटरवर बसवले. मला ते मोजपट्टी म्हणतात. म्हणाले, मोजपट्टी, तुझ्यासारखा टापटिपीचा माणूस गिऱ्हाइकाच्या समोर पाहिजे. मनाचा मोठा माणूस. कालच्या चावीबद्दल चकार शब्द काढला नाही. काल एक चावी मशीनवर थोडी जास्त घासली गेली, म्हणजे दात उरलेच नाहीत. माल हलका होता.

मशीनचा प्लग त्यांनी काढून खिशात का ठेवला, ते कळले नाही.

दिवस ३१. शून्य. निम्माही रस्ता झाला नाही आणि बढती.

१८ मार्च, संध्याकाळी ७.००

औषधवाला चुकला. सकाळी एक, संध्याकाळी एक, महिन्याच्या साठ गोळ्या. सात उरल्या. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी परत घेऊन गेलो. तो म्हणाला, स्ट्रिप कंपनीतून सीलबंद येते, जास्त कशी येईल? मग चष्म्यावरून बघत विचारले की संध्याकाळची गोळी कोण देते. मी सांगितले, मला कोणी द्यावी लागत नाही, मी स्वतः घेतो. त्याने गोळ्या परत घेतल्या नाहीत. प्रामाणिक माणसाला कोणी विचारत नाही.

हे ताईच्या कानावर कसे गेले देव जाणे. ती सात खान्यांची डबी घेऊन आली, प्रत्येक खान्यावर वाराचे नाव. मी काय बालवाडीत आहे? डबी खिडकीत ठेवली आहे. त्यात छोटे स्क्रू छान मावतात.

दिवस ४४. शून्य.

२ एप्रिल, सकाळी ९.१५

तेराचा पाढा सगळ्यात अवघड. भलेभले अडकतात. आज मी तेरा सत्त्यापाशी जरा विचार करायला थांबलो. तेवढ्यात बाबा चमच्यासकट आत. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून हाका मारत होते. डोळ्यांत साबण गेला होता, माझ्या नव्हे, त्यांच्या. मी म्हटले, एक्क्याण्णव. ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. पँट भिजली तरी उठेनात.

कुठल्या माणसाला वीस आकड्यांच्या आत विचार संपवावा लागतो? आतून लागणारी तीन दारे, तिन्ही उघडी, आणि मला कुठेही एकटे बसता येत नाही. बंद खोलीत कोंडलेला माणूस निदान दारावर धक्के तरी मारतो. मी कशावर मारू?

दिवस ५९. शून्य.

१४ एप्रिल, संध्याकाळी ६.०५

आज दुकानात एक बाई आल्या होत्या. त्यांची चावी कुलपात मोडली होती. मी चिमट्याने अर्धा तुकडा असा काही अलगद बाहेर

संध्याकाळी ६.२०

पेन वाईट आहे. वरच्या ओळीपासून समासाबाहेर रेघ गेली, पान खराब झाले. वही इतकी नीट ठेवतो आणि एक पेन घात करते. उद्या दुसरे आणायचे.

तुकडा अलगद बाहेर काढला, असे लिहायचे होते.

दिवस ७१. शून्य.

२२ एप्रिल, सकाळी ७.४५

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. नऊ. काल ताईला विचारले. म्हणाली, दुधाचे. म्हणजे दूधवाला नऊ दिवस आलाच नाही आणि घरात कोणी बोलत नाही. मी असताना हे चालणार नाही.

आज सकाळी त्याला दारात अडवले. एकेक तारीख वाचून दाखवली. तो भडकला. म्हणाला, ताप असला तरी मी खाडा करत नाही. आणि ११ एप्रिलला तर तुम्हीच पातेले घेऊन आला होतात. मी दूध ओतले, पातेले भरले, पायावर सांडले, तरी तुमचा हात हलेना. हाका मारल्या. शेवटी तुमच्या ताईंनी पातेले काढून घेतले.

असे काही झालेले मला आठवत नाही. मला सगळे आठवते. म्हणजे तो खोटे बोलतो आहे. ताईला हे सांगितले. दूधवाला बदलू, असे सुचवले. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. हसत असावी.

दिवस ७९. शून्य.

३ मे, संध्याकाळी ६.३०

उद्या. स्क्रू नवे आणले, पितळी. कड्यांना तेल दिले (डबा बाबांनी काढून दिला). उद्या सकाळी डॉक्टर बाईंकडे तक्ता दाखवायचा, घरी येऊन कड्या बसवायच्या आणि दुपारी बाथरूममध्ये कडी लावून गप्प बसायचे. पाणीही घेणार नाही. नुसते गप्प.

दिवस ९०. शून्य.

४ मे, दुपारी १.५०

कडी बसवली नाही. झाले तसे लिहितो.

डॉक्टर बाईंसमोर तक्ता ठेवला. एक्क्याण्णव शून्ये, सगळी एका मापाची. पुरावा म्हणून ही वहीही नेली होती. बाई शाबासकी देतील म्हणून थांबलो. तेव्हा ताईने पिशवीतून स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढले. गुंडाळी करून आणले होते. मी म्हटले, दुधाचे इथे काय काम?

बाईंनी ठिपके मोजले. दहा. एक नवा होता, ३० एप्रिलचा. मग त्या मला म्हणाल्या की नुसते पडणे म्हणजे फिट नव्हे. कधी माणूस उभ्याचा उभा, बसल्याचा बसलेला राहतो, एक-दोन मिनिटे तिथे नसतो. डोळे उघडे असतात. हाताने बटण चाळत राहतो, नाहीतर काहीच करत नाही. त्याच्यापुरते मध्ये काही घडलेलेच नसते.

मी म्हटले, मला असे होत नाही, माझी नोंद आहे. वही उघडली. त्या तारखा वाचत गेल्या, मी पाने काढत गेलो. २१ फेब्रुवारी: चहा. ४ मार्च: चावी. २ एप्रिल: तेरा सत्ते. ११ एप्रिल: दुधाचे पातेले. १४ एप्रिलला पान काढले तर समासाबाहेर गेलेली ती रेघ बाईंनीही पाहिली. दहापैकी पाच माझ्याच अक्षरात निघाले. उरलेल्या पाच तारखांना मी लिहिले होते: विशेष काही नाही.

ताईला म्हटले, तू माझ्यामागे हिशेब ठेवलास.

ती म्हणाली, "कोणीतरी मोजायला हवं होतं रे. तुला कसं मोजता येणार? तेव्हा तू नसतोस."

बाबा चमचा खिशात वर-खाली करत होते.

बाईंनी उरलेल्या सात गोळ्यांचे विचारले. तेही सांगितले. डोस वाढवला. डबी वापरायची. तेरा आठवडे पुन्हा.

तक्ता घरी आणला. खोडरबराने खोडता येत नाही, शाई आहे.

५ मे, संध्याकाळी ७.२०

मालकांना सगळे सांगितले. त्यांना माहीत होते; चावीचे ताईला त्यांनीच कळवले होते. त्यांनी शोकेसमधून एक कडी काढून काउंटरवर ठेवली. आत लावली की बाहेर लाल खूण दिसते. बाहेरच्या बाजूला खाच असते, नाणे घालून फिरवले की उघडते. घरात म्हातारे किंवा लहान मुले असली की लोक नेतात. अशा वीसेक तरी मी स्वतः विकल्या आहेत. ती कशी काम करते ते गिऱ्हाइकांना समजावूनही दिले आहे.

मालक म्हणाले, "मोजपट्टी, स्वतःच्या दाराचं माप घ्यायला विसरलास."

घरी येऊन बसवली. चार स्क्रू, एकाही डोक्याला ओरखडा नाही. मी आत, बाबा बाहेर नाणे घेऊन. पहिल्यांदा अकरा सेकंद लागले. मी त्यांच्याकडून नऊ वेळा करून घेतले. शेवटी चार सेकंद. नाणे त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले. चमचा स्वयंपाकघरात, इतर चमच्यांत. कुठला तो आता ओळखूही येत नाही.

६ मे, सकाळी ८.३०

कडी लावून आंघोळ. ताईने परवानगी दिली, बादलीने, उभे राहून नाही, स्टुलावर बसून. पाढे नाहीत. बाबा बाहेर घड्याळ लावून.

ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो. तीन महिने ज्याची वाट पाहिली ते हे. साधारण मिनिटभर बरे वाटले. मग भिंती फार जवळ आल्यासारख्या वाटल्या. बाहेरूनही काही ऐकू येईना.

मग दाराच्या पलीकडून बाबांचा आवाज आला. हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखा. तेराचा. त्यांना पाढे कधीच येत नव्हते. तेरा सकपर्यंत कसेबसे आले आणि तेरा सत्त्यापाशी थांबले.

मी मनात आकडे मोजू लागलो. सातपर्यंतच गेलो.

"एक्क्याण्णव," मी म्हटले.

ते पुढे गेले. अठ्ठे चुकले. मी दुरुस्त केले.

चहा आजही थंड झाला. दिवसाचा आकडा घातलेला नाही. ताई शाळेतून आली की तिला विचारून लिहीन.