धर्माचा रकाना

कुकटपल्ली, हैदराबाद
१२ मार्च २००१

प्रिय उषा,

सप्रेम जय भीम. तू नांदेडला परत गेल्यापासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. जन्मभर पोरांना निबंध शिकवणाऱ्या मास्तराला चार ओळी जमेनात, म्हणजे बघ. तुझ्या आईचं घर रोज सकाळी उघडतो, झाडून घेतो, मोगऱ्याला पाणी घालतो. त्याला यंदा कळ्या फार आल्यात.

१९९१ च्या जनगणनेत आपल्या दोन गल्ल्या मीच मोजल्या होत्या. एकसष्ट घरं. दार न वाजवतासुद्धा सगळ्यांची नावं लिहिली असती! या खेपेला तेवढ्याच जागेत चारशेच्या वर बिऱ्हाडं निघाली म्हणे. आधी कारखान्यांतले आले, मग कॉम्प्युटरवाले, आणि त्यांच्यासाठी मजल्यावर मजले चढले. वस्ती वाढली, बरकत आली, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो. पूर्वी कुणाची कोंबडी गेली तरी आठवडाभर चर्चा. गेल्या चार-पाच वर्षांत बायकांच्या गळ्यातलं ओढून नेणं नेहमीचं झालं. दिवाळीत प्लॉटच्या हद्दीवरून एकाला भर बाजारात भोसकलं, आणि जरा वेळानं लोक पुन्हा टोमॅटो निवडायला लागले. त्यांतला एक मीही होतो.

मग आपल्याच घरावर पाळी आली. भरदुपारी वहिनींचा, तुझ्या आईचा, गळा आवळून जीव घेतला आणि हातातल्या पाटल्या नेल्या. निघताना तू मला विचारलंस, आई दूधसुद्धा खिडकीतून घ्यायची, मग तिनं दार उघडलंच कसं? जमिनीवर पाण्याचे दोन पेले होते. फौजदार म्हणाला, "पानी पिलाए सो आदमी गैर कैसा होता जी?" पाणी दिलं म्हणजे ओळखीचाच कुणी, म्हणून वरचा भाडेकरू उमाजी धरला गेला. नळावरून त्याचं नि आईचं वाजलं होतं, हे तू जबाबात सांगितलंस. तू खरं तेच सांगितलंस, तुला बोल नाही. पण एकोणीस दिवस झाले, तो आत आहे. त्याची बायको वैशाली रोज डबा घेऊन जाते, आणि गल्लीत तिच्याशी कुणी बोलत नाही. मीसुद्धा मान खाली घालून जातो.

आता खरं लिहितो. फेब्रुवारीत मी आपल्या लोकांच्या घरोघर जाऊन सांगत होतो, की मोजणीवाला आला की दारातून परत पाठवू नका. आत बसवा, पाणी द्या, आणि धर्माच्या रकान्यात तो 'बौद्ध' लिहितो की नाही ते डोळ्यांनी बघा. वहिनींना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला लिहून द्या, मी ताडून बघते." मी चिठ्ठीवर तो एक शब्द तेलुगूत मोठ्या अक्षरांत काढून दिला. त्यांनी तो चार दिवस बोटानं गिरवला.

त्या दुपारी सगळ्यांत आधी घरात मी गेलो, हे तुला ठाऊक आहे. पेल्यांशेजारी ती चिठ्ठी उघडी पडली होती. समोर कुणी रजिस्टर घेऊन बसल्याशिवाय त्या ती काढणार नव्हत्या, आणि खरा मोजणीवाला तर आपल्या गल्लीत अजून फिरकलाच नव्हता, तो तिसऱ्या दिवशी आला. मोजणीवाला म्हणवून भलताच कुणी आत शिरला होता, हे मला तिथंच कळलं. मी ती चिठ्ठी उचलून खिशात घातली. पोलिसांना बोललो नाही, तुलाही नाही. भीती पोलिसांची नव्हती, बाई, तुझी होती. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू माझ्या पाया पडलीस, तेव्हाही मी पाय मागे घेतले नाहीत.

तुझ्या आईनं दार उघडलं ते माझ्या शब्दावर. उद्या सकाळी चिठ्ठी घेऊन ठाण्यात जबाब द्यायला जातोय. त्याआधी हे तुला माझ्याच हातून कळावं म्हणून लिहिलं. मला क्षमा कर असं म्हणायची माझी छाती होत नाही. उमाजी सुटून आला की एकदा त्याला आणि वैशालीला भेटून जा. माझ्या दारावरून तशीच पुढे गेलीस, तरी मी हाक मारणार नाही.

तुझाच,
देवरावकाका