शिवणाच्या बाई

दि. ३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की आप्पा कान टवकारून शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. गोष्ट त्यांचीच आहे. तुझी जुनी मैत्रीण ठमी आपल्या गावात वृद्धाश्रम चालवते. मी तिला विचारलं, तर तिने एका शब्दात हो म्हटलं. खिडकीजवळचा पलंग एक तारखेपासून आप्पांसाठी राखून ठेवते म्हणाली. तिथल्या म्हाताऱ्यांना तपासायला तुमच्या तिघींतली ती चष्मेवाली डॉक्टरीण दर आठवड्याला येते. म्हणजे सगळी घरचीच माणसं. आप्पाही दिवसातून दहादा घरी चला म्हणतात, आणि त्यांच्या लेखी घर म्हणजे तेच गाव.

आमच्या दोघांच्या अंगात आता त्राण उरलेलं नाही. हिच्या कंबरेला पट्टा आलाय. तू तेवढं एकदा डोळ्यांखालून घालून ये. एकतीस वर्षांत तिकडे फिरकली नाहीस, त्या निमित्ताने मैत्रिणी भेटतील. आणि तुझी गिऱ्हाइकं चार दिवस जुन्या कपड्यांवर राहिली तर मरणार नाहीत.

आमच्यावर माया आहेच, ती थोडी घाईने दाखव.

तुझा,
गोट्या

दि. ११ मार्च

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

आप्पांना तिथे पाठवू नकोस. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तू चिडशील.

स्टेशनावर दोघीही घ्यायला आल्या होत्या. ठमी आता नावालाच ठमी, वाळून काठी झालीय. डॉक्टरणीचा चष्मा मात्र होता तेवढाच जाड. तिघी गळ्यात पडून रडलो, मग रडतोय म्हणून हसलो. आमचा शिवणवर्ग भरायचा तिथे आता टायरचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर बसून तासभर पोरींसारख्या खिदळलो. तो तास खरा होता रे. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

आश्रमाच्या पुढच्या खोलीत कुंड्या, लेसचे पडदे, अत्तराचा फवारा. चहा आणि केक तिथेच मांडलेला. मी हात धुवायला म्हणून आतलं दार ढकललं आणि उभीच राहिले. अत्तराखाली मुताचा वास होता, आजचा नव्हे, भिंतीत मुरलेला. अकरा माणसं ओळीने खुर्च्यांत बसवलेली, तोंडं भिंतीकडे. एका आजोबांच्या हनुवटीवर सकाळचं दूध वाळून चिकटलं होतं. त्यावर माशा बसत होत्या, आणि त्या हाकलायला त्यांचा हात मोकळा नव्हता. सगळ्यांची मनगटं चादरीच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली.

शेवटच्या खुर्चीत आमच्या शिवणाच्या बाई होत्या. ज्यांनी माझ्या हातात पहिली कात्री दिली, त्या. डोकं भादरलेलं, पायांखाली मुताचं थारोळं. मी वाकून हाक मारली. त्यांनी मला ओळखलं नाही, पण माझ्या बाहीचा काठ बोटांना लागला तसा तो चाचपून बघितला.

मागे ठमी येऊन उभी राहिली. मला वाटलं, ही शरमली असेल. कसलं काय! ती कौतुकाने सांगायला लागली की कच्ची पट्टी कातडीला काचते, म्हणून ती स्वतः बसून कडा दुमडते आणि टीप मारते, अगदी बाईंनी शिकवली तशी. नाही बांधलं तर पडतात, भटकतात, आणि मग नातेवाईक तिच्याच नावाने बोटं मोडतात. शिवाय हाताखाली बायका दोनच. मी डॉक्टरणीला विचारलं की तू यांना तपासतेस ना. ती म्हणाली, इतक्या वर्षांच्या सवयीने दारातूनच कळतं कोण बरं आहे ते. आणि तिने केकचा दुसरा तुकडा घेतला. बोटाला लागलेलं क्रीम तिने चाटलं. मी मोरीत जाऊन ओकले.

निघताना जमिनीवर पडलेली एक पट्टी उचलून पर्समध्ये टाकली. तिचं काय करायचं ते ठरत नाही, म्हणून अजून लॉजवरच आहे. उत्तर इथल्याच पत्त्यावर दे.

सगळ्यांना जप.

तुझी,
ताई

दि. १६ मार्च

ति. ताईस,
सा. न.

तुझं पत्र हिने वाचलं आणि आत जाऊन रडली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तू ओकलीस. बरं केलंस. ओकायला फुरसत लागते, ती तुला आहे. आम्ही तीन वर्षं दिवसातून तीनदा चादरी धुतो आहोत. माझं नाक केव्हाच मेलं. तू वर्षातून दोनदा येतेस, त्यांचे केस विंचरतेस, स्वतः शिवलेला शर्ट घालतेस आणि चारच्या गाडीने परत जातेस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

आता आणखी एक ऐक. मागच्या महिन्यात हिला दवाखान्यात न्यायचं होतं. मी आप्पांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. रांग लांबली, चार तास गेले. आलो तर ते दाराशी बसलेले. नखं तुटलेली, दारावर, भिंतीवर, त्यांच्या तोंडावर घाण. मला बघून त्यांनी ‘साहेब’ अशी हाक मारली, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. माझी! ठमीची किळस येते ना, मग माझीही येऊ दे.

लोभ असावा असं आज हाताला लिहवत नाही.

गोट्या

दि. २५ मार्च

चि. गोट्यास,
आशीर्वाद, आणि ते आधी तुझ्या बायकोला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कडीचं वाचून तुझी किळस येते का, ते मन चाचपून बघितलं. नाही आली. माझी आली. चारची गाडी मी ठरवून पकडायचे. पाचला आप्पांचे कपडे बदलावे लागतात, हे मला ठाऊक होतं.

आता इकडचं. मी वृद्धाश्रमांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीत स्वतःच्या सहीने तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीण लॉजवर हजर. आधी गळ्यात पडली. मग म्हणाली की तू चार दिवसांची पाहुणी, आम्हाला इथेच मरायचंय. शेवटी म्हणाली, शिंपिणीने शिंपिणीसारखं राहावं. ठमी आलीच नाही. मी तिच्या ताटात माती कालवली, असा निरोप तेवढा आला.

तपासणीची कुणकुण त्यांना आधीच लागली होती. कचेरीचे साहेब आले तेव्हा चादरी नव्या, हात मोकळे आणि मुताच्या वासावर फिनेलचा थर. साहेब सगळं ठीक असं लिहायला लागले. मी पट्टी पुढे केली. ठमी शांतपणे म्हणाली की ती पडदे बांधायची आहे. साहेबांनी मानसुद्धा डोलावली.

तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला. पट्टी घेऊन मांडीवर पसरली आणि टिपेवरून अंगठा फिरवत गेल्या, वर्गात फिरवायच्या तसा. मग म्हणाल्या, टीप सरळ आहे, ठमीची आहे, दहापैकी नऊ. आणि ती पट्टी त्यांनी आपणहून मनगटाभोवती गुंडाळली, हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि कुणी गाठ मारायला येईल म्हणून वाट बघत बसल्या.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी एकेकाची बाही वर करून मनगटं बघितली. सगळ्यांना वळ होते. ठमी भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं होतं, त्या क्षणी बरं वाटेल. नाही वाटलं. तिच्या त्या सुरेख टिपेची शिसारी अजून जात नाही.

आश्रम आता कचेरीने ताब्यात घेतलाय, बाईंना सरकारी रुग्णालयात हलवलं. काल भेटून आले, झोपल्या होत्या, हात उशाखाली. दोन्ही मैत्रिणी रस्त्यात तोंड फिरवतात. फिरवू देत.

मी उद्या परत जाते. एक तारखेला आप्पांना माझ्याकडे घेऊन ये. दुकानामागची खोली रिकामी करते. सहा महिने माझ्याकडे, सहा तुमच्याकडे, आणि यावर वाद नको. मला किळस येईल, हे आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी ओकेनही. पण तू लगेच परत जाऊ नकोस. माणूस पलंगावर असताना त्याच्याखालची चादर कशी बदलतात, ते मला येत नाही. शिकव.

तुझी,
ताई