बाटलीत जिवंत काही नसतं

२ फेब्रुवारी
आले एकदाची. प्रयोगशाळा झकास आहे, टेबल खिडकीशी मिळालंय. घर दोनच खोल्यांचं, पण शाळा समोर, त्यामुळे माझी लेक ठकी खूश. काम घटसर्पाच्या विषावर. इथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणतात, त्यांनी हौसेनं सगळं दाखवलं. जंतू रसात वाढवायचे, मग रस इतका बारीक गाळायचा की जंतू वर अडकतात, नुसतं विष खाली उतरतं. गाळून झालं की सगळे हातमोजे काढून टाकतात. बाटलीत जिवंत काही उरलंच नाही, आता कसले नखरे, असं बाईंचं म्हणणं. मलाही हायसं वाटलं, मोज्यांत हात नुसते शिजतात.

५ फेब्रुवारी
आज माणसाच्या पेशींवर विषाचा थेंब सोडला. वेडी पेशी त्याला आपणहून आत घेते. आत शिरलं की ते प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. एक कण एका पेशीला पुरतो म्हणे. तरी ती बराच वेळ ठणठणीत दिसते. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या आक्रसून तरंगत होत्या. उगाच वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी
गाळलेली बाटली हातातच फुटली, बोट चांगलंच कापलं. बाईंनी पट्टी बांधली, जंतूच नाहीत तर होणार काय, म्हणाल्या. मीही मान डोलावली. लहानपणीच्या लसीचा जोर आता कितीसा उरला असेल, हे घरी आल्यावर सुचलं. जाऊ दे, बरी आहे मी.

१५ फेब्रुवारी
जिन्यात धाप लागली. प्रयोगशाळेच्या साहेबांना कापलेलं बोट दाखवलं तर त्यांचा चेहराच उतरला. तडक रुग्णालयात आणलं, प्रतिविष टोचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेर फिरतंय तेवढं पकडता येईल, पेशींत शिरलंय त्याचं काही करता येत नाही. मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

१८ फेब्रुवारी
हृदयाचे ठोके चुकतायत. तिथल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बाई येऊन रडून गेल्या. राग आला — त्यांचा, माझाही. मला मरायचं नाहीये.

२१ फेब्रुवारी
प्यायलेलं पाणी नाकातून येतं, विष नसांपर्यंत पोचलंय. सगळं दोन-दोन दिसतं — ठकीची वेणी कोण घालणार —

२२
ठोका थांबतो — मग धाडकन — ठकीला आणलंय. दारात बूट काढायला लावलेत. लेसची गाठ सुटत नाही तिची. अगं तशीच ये — कुणीतरी सोडा ना तिला आत — मी