सोळा इंचांचं गेट

मी मानसिंग यशवंत फडतरे, वय चौसष्ट, मूळचा सातारा जिल्ह्यातला, सध्या राहणार जुईनगर, नवी मुंबई, धंदा फॅब्रिकेशन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. दोन्ही पाय नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. याआधी असा कागद केलेला नाही.

पहिलं. जुईनगरची राहती खोली आणि बँकेतली ठेव पत्नी विजयमाला हिला. ती असेपर्यंत तिला कोणी "आई, आता गावाकडे जा" म्हणू नये. सहा वर्षं तिने मला उचललं, बसवलं, धुतलं. त्यात तिची पाठ गेली. तिला मी आणखी काय देणार?

दुसरं. कळंबोलीचा गाळा, वेल्डिंग मशीन, ड्रिल, कटर आणि सगळी हत्यारं मुलगा रणजीत याला. हे लिहिताना हात थांबला होता. का थांबला ते इथेच सांगतो, म्हणजे उद्या म्हातारा चळला होता असं कोणी म्हणायला नको.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या सेक्टरच्या बागेत पोरं मोटारसायकली घालायची. रहिवासी समितीने गेटाचं काम मला दिलं. मी नागमोडी पाइप लावले. माणूस अंग चोरून, दोन वळणं घेऊन आत जाईल आणि गाडीचं हँडल अडकेल. मोकळी जागा सोळा इंच. लोकांनी पाठ थोपटली. आसपासच्या आणखी अकरा बागांना मी तेच गेट ठोकलं. चाकांच्या खुर्चीतलं माणूस कुठून जाईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, देवाशपथ.

मग ट्रकवरून लोखंडी अँगलचा गठ्ठा घसरला तो माझ्या पायांवर. पुढची तीन वर्षं मी छत बघत काढली. त्यानंतर एका संस्थेने आमच्या सेक्टरच्या बागेत अपंगांना पगारी माळीकाम देण्याचा प्रकल्प काढला. माझं गेट कापलं, उतार केला. खुर्चीत बसून हात पोचतील असे टेबलाच्या उंचीचे सहा वाफे मी माझ्या लोखंडातून, बागेतच बसून जोडले.

मेहरुन मकबूल धनसे, लहानपणी पोलिओ झालेली, चौतीस वर्षांची, तिथे आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागली. बोनकोड्याच्या मारोतीला दृष्टी नाही, पान चुरगाळून रोप ओळखतो. ती सांगायची, तो खणायचा. हळूहळू आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायका, खुर्चीवरची पोरं यायला लागली, मेथीत हात घालून बसायची. मी रोज जायचो. खोटं कशाला बोलू, पाय होते तेव्हाही मी एवढा सुखी नव्हतो.

दोन वर्षांनी प्रकल्प संपला. माळ्यांना आम्ही ठेवून घेतो, असा शब्द समितीने दिला. पण यंदा जूनमध्ये मोकळ्या गेटातून मोटारसायकल आत आली आणि समितीचे अध्यक्ष विश्वजितराव यांच्या आईंना धडकली. मांडीचं हाड मोडलं. त्यांचा राग मला समजतो. मी म्हणालो, बाजूला खुर्चीपुरतं कुलपाचं फाटक ठेवा, फुकट करून देतो. "फडतरे, किल्ली कोण सांभाळणार? उगाच टेन्शन नको." विषय संपला.

नवं गेट रणजीतने केलं. माझ्याच वहीतलं माप बघून. मला कळलं ते पाइप बसल्यावर. म्हणाला, "आप्पा, मी नाय केलं तर दुसरा कोणी करणार. आणि डिझाईन तुमचंच आहे ना?" हात उगारला असता तर आधी स्वतःच्याच थोबाडीत मारावी लागली असती. म्हणून गाळा त्याला. माफ केलं असं मात्र मी लिहिणार नाही.

समितीने मेहरुनला निरोप दिला की रोज दोघे जण उचलून आत घेतील. ती मला म्हणाली, "कामावर जाणाऱ्याला कोणी उचलून नेतं का काका? मी काय गॅसचा सिलिंडर आहे?" आठ दिवस ती जाळीबाहेर फूटपाथवर खुर्ची लावून बसली. मारोती आतून विचारायचा, "मेरू, यांना पानी दिलं. आता कंचा वाफा हाय?" मग समितीने कळवलं, रस्त्यावर बसण्याला काम म्हणता येणार नाही. नवव्या दिवशी ती आली नाही. आता घरातच असते. फोन केला की "ठीक आहे काका" म्हणते आणि ठेवून देते.

तिसरं. सहाही वाफे मेहरुनला. पण ते अडीच फूट रुंद आहेत. ते बाहेर येत नाहीत, ती आत जात नाही. सबब रणजीतने ते आतच कापावेत, तुकडे बाहेर काढावेत आणि तिच्या दारात पुन्हा जोडून द्यावेत. तिच्या दारात एकाचीच जागा आहे. बाकीचे पाच भंगारात जातील, मला माहीत आहे.

गेट तोडावं असंही लिहिणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, जे तुमच्या मालकीचं नाही त्याची व्यवस्था तुम्हाला लावता येत नाही. घ्या! केलं मी, आणि माझं नाही.

चौथं. माझं खुरपं मारोतीला. विश्वजितरावांना काही नाही. मातीला आले तर चहा द्यावा, दोन शब्द बोलू देऊ नयेत.

शेवटचं. गेटाच्या मापाचं पान वहीतून फाडून माझ्या चितेवर ठेवावं. रणजीतला माप पाठ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ठेवावं.

सही: मानसिंग यशवंत फडतरे

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.
साक्षीदार १: जयप्रकाश शिर्के, शेजारी
साक्षीदार २: सुचिता म्हात्रे, पूर्वी संस्थेत

दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
स्थळ: जुईनगर. सही आत, वाफ्यापाशी करायची होती. गेटाबाहेर फूटपाथवर केली.